शेड बीएल-वन

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं.
चिराबाजारात, जिन्याखालच्या लॅबमध्ये
बावीस वर्षं मी दातच कोरते आहे,
आधी मेणात, मग पोर्सेलिनमध्ये,
नखाइतके पातळ,
कुणाच्या तरी खऱ्या दातांवर चिकटवायला.

तोंडं मला दिसत नाहीत.
प्लास्टरचे जबडे येतात
इरफानच्या स्कूटरच्या डिकीतून, बबल-रॅपमध्ये,
आणि सोबत एक चिठ्ठी:
नाव, तारीख, पांढरं म्हणजे किती पांढरं.
पांढऱ्याचे पूर्वी सोळा नंबर होते.
ए-थ्री म्हणजे माणूस:
चहा, हळद, चाळिशी.
आता वर आणखी चार आलेत,
त्यातला बीएल-वन जन्मतः कुणालाच नसतो.
आम्ही त्याला कमोड म्हणतो.
डॉक्टरांसमोर नाही.

मंगळवारची केस: मिसेस एस. मलकानी, खार.
वरचे सहा. फट बंद. तुटका कोपरा भरणे. बीएल-वन.
अर्जंट. मुलाचं लग्न.

साचा दिव्याखाली धरला
आणि ब्रश खाली ठेवला.

ही फट माझ्या ओळखीची.
हिच्यातून शर्वाणी कोठारे शिट्टी मारायची
ठाकुरद्वारच्या नाक्यावरून,
आणि मी तिसऱ्या मजल्यावरून
अर्धी पोळी ताटात टाकून धावत सुटायचे.
तिची आई म्हणायची, फटवाली पोर नशीब काढते.
माझी म्हणायची, फटीतून पैसा गळतो.
कोण खरं ठरलं,
ते चिठ्ठीवर लिहीत नाहीत.

आणि हा डावा कोपरा.
कोजागिरी, गच्ची, पैज:
थंड बाटलीचं झाकण दातांनी उघडायचं.
उघडलं तिनं.
तांदळाच्या कणीएवढा तुकडा
आम्ही दोघी टॉर्च घेऊन शोधत राहिलो,
दूध आटून गेलं तरी.
तोंडावर हात धरून हसत होती, रक्त येत होतं,
म्हणाली, आता तुला मला अंधारातसुद्धा ओळखता येईल.

तिच्या लग्नाला मी गेले नाही.
कारण होतं,
दातात अडकलेल्या सुपारीएवढं.
तेवढं पुरतं.

चिठ्ठीवर क्लिनिकचा नंबर होता.
मी पाणी प्यायले.
पावडर कालवली.

तीन दिवस लागले.
फट दोन्हीकडून थोडी थोडी मिटवली,
घाई केली तर दात पाटासारखे रुंद दिसतात.
कोपरा शेवटी.
गच्चीवर न सापडलेली ती कणी
सत्तावीस वर्षांनी
साडेसातशे अंशांच्या भट्टीतून काढली,
चिमट्यात धरून फुंकर घालावी तशी
निवू दिली.
मागितला तसाच पांढरा दिला.
फक्त डाव्याच्या मुळाशी, हिरडी जिथे झाकेल,
तिथे ए-थ्रीचा एक ठिपका.
माझी सही समजा, किंवा खोडी.

सोमवारी डॉक्टर कामतांचा फोन:
पेडणेकर, काम झकास. पेशंट खूश.
आरशासमोरून हलत नव्हती.
फक्त म्हणते, स म्हणताना
हवा कुठून सोडायची ते कळत नाही.

तिच्या नावातच आहे की स, असं तोंडात आलं.
मग आठवलं, तो श.
होईल सवय, मी म्हटलं.

जुने साचे आम्ही सहा महिने ठेवतो,
मग गोणीत.
हा मी ड्रॉवरमध्ये टाकला, बिलबुकाखाली.
संध्याकाळी सगळी गेल्यावर
बाहेर काढला,
ओठांजवळ नेला आणि फटीतून फुंकलं.

आवाज आला नाही.
थोडी पांढरी धूळ उडाली,
कुठल्याच नंबरात न बसणारी,
आणि चष्म्यावर बसली.